उजवा आरसा कोणी काढला

मी, खाली सही करणारी बाई, वय चोपन्न, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, शिक्षण चौथीपर्यंत. सगळा रस्ता मला पानाबाई म्हणतो. डोकं ठिकाणावर असताना, कोणी हात न धरता, कोणाला भिऊन नाही आणि कोणाला खूश करायला तर मुळीच नाही, हे लिहून ठेवते. पोटाच्या डॉक्टरांनी "सहा महिने धरा" असं सांगितलंय. मी म्हटलं, "धरा काय? नक्की सांगा, मला गिऱ्हाइकांना तारखा द्यायच्या असतात." याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. घरातल्या कोणी दुसरा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा.

वकीलबाई म्हणाल्या, कोणाला काय एवढंच लिहा, का ते नको. पण का लिहिलं नाही तर मागे राहिलेले आपापलं का तयार करतील. त्यात माझी माणसं तरबेज आहेत. म्हणून तेही लिहिते.

कलम १. गॅरेज, जागेसकट, लेथ, कॉम्प्रेसर, गाडी उचलायचा स्टँड, भिंतीवरचे सगळे पाने आणि दारावरची पाटी, हे सगळं माझ्या धाकट्या मुलीला. तिला उजवा पाय गुडघ्याखाली नाही. वायरिंगमध्ये तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या गॅरेजवाल्याने पळवली असती.

कलम २. वरच्या दोन खोल्यांत नवऱ्याने मरेपर्यंत राहावं. विकायचा हक्क त्याला नाही, तो मुलीला. माणूस आयुष्यभर गाड्यांचे विमे विकत फिरला. "वहिनी, एक दिवससुद्धा गाडी विम्याशिवाय बाहेर काढू नका," असं परक्या बायकांना सांगायचा. स्वतःच्या मुलाच्या गाडीचा विमा संपला तेव्हा मला म्हणाला, "अगं, महिनाअखेरीला भरतो, माझ्या टार्गेटमध्ये धरला जाईल." महिनाअखेर यायच्या अकरा दिवस आधी अपघात झाला. मुलीच्या नकली पायाला कंपनीने दमडी दिली नाही. कंपनीने त्या महिन्यात त्याला टार्गेट पुरं केलं म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ त्याचंच. मी गेल्यावर त्याने ते त्याच्या उशाशी लावावं.

कलम ३. माझी स्वतःची शंभर सीसीची गाडी समोरच्या औषधाच्या दुकानवाल्यांच्या सुनेला. चालवायला तिला मीच शिकवलं. तिला पुन्हा एकदा लिहून देते, कारण ती विसरते. पुढचा ब्रेक आधी हलका, मग दाबायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही, शिरायच्या आधी. हेल्मेटच्या पट्ट्यात दोन बोटं जातात, चार नाही. लोंबणारं हेल्मेट घालण्यापेक्षा टोपली घाल. आणि आरसे दोन. एक नाही, दोन. सासूने "अंगणात लावताना अडतो" म्हणून एखादा काढायला लावला तर सासूला काढ.

कलम ४. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याला मागच्या फळीवरचं ब्रेक पॅडचं खोकं. नकली आहेत. त्यानेच मला अस्सल म्हणून दिले होते. स्वतःच्या गाडीला लावावेत आणि उतारावर जावं.

कलम ५. मोठा मुलगा. इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, हे असं लिहिलंत तर पोलिसांपर्यंत जाईल." मी म्हटलं, "मी तेव्हा नसणार. तुम्ही लिहा." मग पेन माझ्या हातात दिलं. आता पुढचं माझ्या अक्षरात आहे, चुका दिसल्या तर गप्प बसावं.

मुलगा गाडीवरून फिरून व्हिडिओ करायचा. बघणाऱ्यांसाठी नाव घेतलं होतं वादळ. कॅमेरा आधी हेल्मेटवर लावला, तर मान दुखते. छातीवर लावला, तर नुसती टाकी दिसते. टाकीवर लावला, तर चित्र हलतं. मग म्हणाला, "आई, उजव्या आरशाच्या जागी बसवून दे ना. तिथून रस्ता पण दिसतो आणि मी पण." उजवाच का, तर डाव्या गालावर मुरुमांचे खड्डे होते. आरसा नसलेली गाडी मी कोणाला परत देत नाही, रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. एकदा पोलिसाची गाडी अडवून ठेवली होती. पण मुलाच्या लग्नाचं कुठे जमत नव्हतं, तोंड पाडून बसायचा. मी आरसा काढला, लेथवर आरशाच्याच आट्यांचा बोल्ट बनवला, कॅमेरा घट्ट बसवला. काम चांगलं झालं होतं. अजून आठवतं तर हात खूश होतात, आणि त्याचाच राग येतो.

धाकटी मागे बसायला आली. म्हणाली, "दादा, मागचं कसं बघणार तू?"

"मागे तू आहेस ना. तू बघ."

"मी काय आरसा आहे?"

"आरसा बोलत नाही, एवढाच फरक." दोघं हसली. मीही हसले.

पेट्रोल पंपाच्या पुढे त्याने उजवीकडे गाडी घातली. मागून मोटार आली. मुलीच्या डोक्याला मार लागला, पंपाच्या पुढचं तिला काही आठवत नाही. दवाखान्यात पोलिसाने विचारलं तेव्हा माझ्यादेखत मुलगा म्हणाला, "ती मागे बसून हलली, तोल गेला." पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

त्याआधी गाडी मी टेम्पोत घालून गॅरेजला आणली होती. कॅमेरा काढला, आतलं कार्ड काढलं, लावून बघितलं. त्यात मुलीचा आवाज आहे, "दादा थांब, मागून गाडी!" दोनदा. आणि मुलाचा आवाज आहे, "गप, रेकॉर्डिंग चालू आहे." दुसऱ्या दिवशी पोलीस गाडी बघायला यायचे होते. मी माझा बोल्ट काढला, जुना आरसा त्या जागी बसवला आणि हातोड्याने फोडला, म्हणजे अपघातात फुटला असं दिसावं. तेही काम चांगलं झालं होतं.

सहा वर्षं मुलगी भावाला म्हणते, "दादा, माझ्यामुळे तुझी गाडी गेली." आणि तो मोठ्या मनाने म्हणतो, "जाऊ दे गं, झालं ते झालं." एकदा जेवताना म्हणाला, तेव्हा मी त्याच्या ताटात आणखी वाढलं. हेही लिहून ठेवते.

मुलाला कॅमेरा आणि तो बोल्ट. बँकेत माझ्या नावाने जी ठेव आहे ती त्याची, पण एका अटीवर. त्याने सगळ्यांसमोर बहिणीला स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, "तू हलली नव्हतीस." एवढेच तीन शब्द. पुढे "पण" जोडला तर ठेव मुलीची. रडला तरी ठेव मुलीची. त्याला रडताना मी बघितलंय, आधी कॅमेरा कुठे आहे ते बघतो.

कलम ६. कार्ड वकीलबाईंच्या कपाटात आहे. ते मुलीचं. त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं. भावाला तुरुंगात घालायचं असेल तर घालावं. मला तेव्हा घालता येणार नाही, ही माझी लबाडी समजावी.

कलम ७. पंक्चरवाला आत्ता साक्षीला आला, त्याने हे वाचून विचारलं, "पानाबाई, आजच का नाही सांगत तिला?" कारण मला आता उठवत नाही. सकाळी तीच मला काखेत धरून बसवते, स्वतः एका पायावर तोल सांभाळून. तीच पुसते, तीच भरवते. आज कळलं तर ती शटर ओढून निघून जाईल, आणि जावंच. मग मला उचलणार कोण? वादळ? मला माझे सहा महिने हवे आहेत आणि ते मी तिच्याकडून काढून घेणार आहे. माफी मागत नाही. माफी मागितली की तिला काहीतरी द्यावं लागेल, आणि ती देईल, मी तिला ओळखते.

एकच सूचना, आणि ती मोडली तर वरचं सगळं रद्द समजावं. मी मेल्यावर हा कागद मला घरातून उचलायच्या आधी वाचावा. नंतर नाही. मुलीला समोर खुर्चीवर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. माझ्यासाठी रडायचं की नाही, हे तिला माहिती घेऊन ठरवता आलं पाहिजे.

वरचं सगळं मी वाचलं, कलम ५, ६ आणि ७ स्वतः लिहिली.

सही: पानाबाई (डाव्या अंगठ्याचा ठसाही दिला आहे, ग्रीसमुळे नीट उमटला नाही)

साक्षीदार:
१. समोरचा पंक्चरवाला. सही. (मला हे पटलेलं नाही. सही केली.)
२. शाळेची बस चालवणाऱ्या बाई. सही.

ठिकाण: वकीलबाईंचं ऑफिस, पहिला मजला (मला खुर्चीसकट उचलून वर आणलं)
तारीख: नऊ मार्च, मंगळवार, सकाळी साडेअकरा