काही तकलीफ न्हाई

४ मे, रविवार

दिलीपमामा आला होता. यापुढे दि.मा. पूर्ण नाव लिहावं एवढी त्याची लायकी नाही. आईचा चुलतभाऊ. एरवी लग्नात नाहीतर मयतीत दिसायचा. बाबा महिनाअखेर निवृत्त होतायत हे कळल्यापासून आमच्या क्वार्टरचा उंबरा झिजवतोय. आधी शिलाई मशीन विकायचा, मग आयुर्विमा, आता आरोग्य विमा. गिऱ्हाइकाला 'पार्टी' म्हणतो. आम्ही सध्या पार्टी.

"दाजी, रिटायरमेंटनंतरचं प्लॅनिंग काय?"

बाबा म्हणाले, "बसू की."

सगळी नोकरी कालव्याच्या गेटवर उभ्याने काढलेला माणूस. खरंच दुसरं काय प्लॅनिंग असणार!

मुद्दा खरा आहे, म्हणून तर चीड येते. नोकरीत होते तोवर दवाखान्याची बिलं खात्याकडून मिळायची, रडतखडत का होईना. एकतीसनंतर ते बंद. सरकारी कार्ड आहे, पण त्यात न बसणारी दुखणी फार. त्यासाठी त्याच्यावर आणखी एक पॉलिसी घ्यायची. घरात तिचं नाव 'वरची पॉलिसी' पडलं.

आई : "वरची म्हंजे वर गेल्यावरची का?"

मी : "न्हाई आई, वर जाऊ नये म्हणून."

दि.मा. खूश. "भाची, हे वाक्य मी पार्टीला सांगणार." सांगेल. स्वतःचं असं त्याच्याकडे एक वाक्य नाही.

निवड मी करणार, असं मी जाहीर केलंय. घरात पदवी एकटीकडे आहे, ती कधीतरी कामाला यायला हवी.

७ मे

वसमतला क्लास संपवून परत येताना एसटीत दोन्ही माहितीपत्रकं वाचली. एकावर आजीआजोबा पांढरे बूट घालून समुद्रकाठी पळतायत. दुसऱ्यावर झोपाळ्यावर बसून हसतायत. म्हणून कंपन्यांची नावं : पळणारी आणि झोपाळा.

आमच्याकडे साठीतला माणूस पांढरे बूट घालून पळताना दिसला, तर लोक आधी विचारतील, कुणाचं काय उचललं?

आतला मजकूर मुंगीएवढा. हसणं ठळक आणि अटी बारीक. दहावीच्या पोरांनी उत्तरपत्रिका अशी लिहिली तर मी शून्य देते.

११ मे, रविवार

हिंगोलीला 'ज्येष्ठांसाठी मोफत मार्गदर्शन'. एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये, पळणारीतर्फे. बाबांना नेलं. टाय लावलेला एक मुलगा, माझ्याच वयाचा, पडद्यावर चित्रं दाखवून 'टेन्शन फ्री लाइफ' म्हणत होता. मी हात वर केला.

"तुमच्या यादीत आमच्या जिल्ह्यातलं हॉस्पिटल कोणतं?"

"मॅडम, आपलं नेटवर्क खूप मोठं आहे."

"हिंगोलीत?"

"पॅन इंडिया, मॅडम."

हिंगोली इंडियात येत नाही हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. मी पुन्हा हात वर केला, तेवढ्यात कुणीतरी जेवण लागल्याचं सांगितलं आणि सगळा हॉल गुलाबजामांकडे गेला. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न मी विचारत होते, तीच माणसं. ताट घेऊन रांगेत.

परतताना बाबा : "साहेब चांगलं बोलले."

"काय बोलले?"

"ते न्हाई समजलं. पन चांगलं बोलले."

१५ मे

पळणारी बाद. झोपाळ्याच्या यादीत नांदेडचं एक मोठं हॉस्पिटल आहे, मी स्वतः फोन करून खात्री केली. खोलीच्या भाड्याला कात्री लावत नाहीत. वरची पॉलिसी कशी चालते ते बाबांना सांडव्यावरून समजावलं : धरण ठरल्या पातळीपर्यंत भरलं की मगच सांडव्यावरून पाणी पडतं, तसं ठरावीक खर्च आपण किंवा कार्डाने सोसला की मग ही पॉलिसी सुरू. उदाहरण चांगलं सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश.

बाबा म्हणाले, "समजलं."

समजलं नव्हतं. बाबा समोरच्याला जे ऐकायचं असेल ते बोलतात. अधिकाऱ्याला, दुकानदाराला, आता मला.

संध्याकाळी काळेकाका आले. बाबांच्याच खात्यातले, आधी निवृत्त झालेले. त्यांचं ऐकून डोकं सुन्न झालं. बीपीच्या गोळ्या चालू होत्या, अर्जात 'आजार नाही' लिहिलं. पुढे झटका आला. कंपनीने जुनी चिठ्ठी शोधून काढली, खोटी माहिती दिली म्हणून दावा नामंजूर. बिल भरायला काकूंच्या गळ्यातलं विकावं लागलं.

"असं लिहायला कोन सांगितलं तुमाला?" बाबांनी विचारलं.

काकांनी आईकडे बघितलं आणि चहाचा कप उचलला. म्हणजे दि.मा., हे मला कळलं.

१८ मे, रविवार

दि.मा.ला समोर बसवून विचारलं. म्हणे, "काळ्याचं नशीब! मी काय करू? शंभरात एखाद्याचं असं होतंय."

नशीब. कमिशन घेताना नशीब कधी मध्ये येत नाही.

अर्ज मी भरला, माझ्या मोबाइलवर. बाबांची जन्मतारीख एक जून, शाळेत गुरुजींनी अख्ख्या वर्गाला वाटून टाकलेली. खरं वय आजीला माहीत होतं, ती गेली. एवढी एक गोष्ट कागदावर खोटी आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांना मान्य.

मग आजारांचा प्रश्न. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, उपकेंद्रातून आणतात.

दि.मा. : "बीपी काय आजार हाय का? बीपी तर मलाबी हाय. 'नाही' कर."

मी 'हो' केलं.

"हप्ता वाढंल! तपासण्या लावतील!"

"लावू दे."

"पोरगी शिकली अन् घराचं कोर्ट झालं," तो आईला म्हणाला. आई म्हणाली, "दिलप्या, चहा घे अन् ऊठ." आईला आज शंभरपैकी शंभर.

खोटं बोलून मिळालेलं छप्पर पहिल्या वावटळीत उडतं. काळेकाकांचं उडालं. मला ते नको. एवढं साधं आहे.

२२ मे

साधं नाही.

मी क्लासला होते. कंपनीच्या मुलीचा बाबांना पडताळणीसाठी फोन आला, कॉल रेकॉर्ड होत होता. बाबांनीच संध्याकाळी कौतुकाने सांगितलं.

"लई गोड बोलली. म्हनली, सर तब्येत कशी हाय? म्हनलं, मजेत हाय ताई, काही तकलीफ न्हाई. म्हनली, काही आजार? म्हनलं, न्हाई, सगळं बराबर हाय. मंग म्हनली, अर्जात बीपी 'हो' हाय, ते 'नाही' करू का?"

"मग?"

"म्हनलं, करा ना ताई. तुमाला जसं बरं वाटंल तसं."

आई हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली.

"बाबा, पण तुम्ही गोळ्या खाता ना?"

"खातो की. म्हनून तर तकलीफ न्हाई."

दि.मा.चा फोन : "अभिनंदन मॅडम! क्लीन केस. हप्ताबी कमी बसला." त्याच्या आवाजातला आनंद ऐकून फोन कालव्यात फेकावासा वाटला. बाबांच्या आवाजातलं खोटं आता कंपनीच्या कुठल्यातरी मशीनमध्ये जपून ठेवलंय. ते खोटंही नाही. अनोळखी माणसाने तब्येत विचारली तर भला माणूस हेच उत्तर देतो. आमच्याकडे दुखणं सांगणारा म्हणजे गळेपडू. हे कंपनीला माहीत नसेल? मला वाटतं, असेल. 'कशी हाय तब्येत' हा काय प्रश्न आहे? हा नमस्कार आहे. नमस्काराला मिळालेलं उत्तर ही मंडळी कबुली म्हणून लिहून घेतात.

२३ मे

कंपनीला फोन. एक दाबा, दोन दाबा, पाच दाबा. अर्धा वेळ सनई. शेवटी माणूस मिळाला : दुरुस्ती करता येईल, पण सरांनी स्वतः सांगायला हवं. आमच्याकडून परत कॉल येईल. कधी? "लवकरात लवकर, मॅडम." हा शब्द मला खात्यातल्या बिलांपासून पाठ आहे.

२५ मे, रविवार

बाबांची तालीम घेतली. मी कंपनीची मुलगी.

"नमस्कार सर, आपल्याला काही आजार आहे का?"

"न्हाई ताई. तुमी कशा हाव?"

"बाबा!"

"बरं, बरं. परत घे."

"सर, आपल्याला काही आजार आहे का?"

"थोडंसं बीपी हाय. पन तकलीफ न्हाई."

"'तकलीफ न्हाई' म्हणायचंच नाही!"

"मंग तिला वाटंल, मानूस रडका हाय."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मला सांगा की, मी सांगते. माझ्या गुडघ्यापासून सुरू करते, यांच्यापर्यंत येते."

मी फार चिडले. म्हटलं, बाबा, त्या मुलीला सगळं सांगायचं. जे जे झालं ते. डॉक्टरला सांगाल तसं. काही लपवायचं नाही, लपवलं तर काळेकाकांसारखं होईल. बाबांनी मान हलवली. "समजलं."

मला त्यांचा राग येतो, हे इथे लिहून ठेवते. कुणी शिकवली ही नम्रता? ज्यांना सोयीची होती त्यांनी. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आहे आणि त्याच्याखाली बसून बाबा फोनवरच्या पोरीला म्हणतात, तुमाला बरं वाटंल तसं.

३१ मे

निरोप समारंभ. शाल, हार, पेढे. साहेब उशिरा आले, बाबांचं आडनाव चुकवलं, मग भाषण : "इतकी वर्षं यांनी गेट सांभाळलं, पण यांच्या तोंडून कधी 'तकलीफ' हा शब्द ऐकला नाही!"

टाळ्या. सगळ्यात जोरात दि.मा.च्या. त्याला बोलावलं कुणी होतं?

बाबा हात जोडून उभे. अंगावर शाल, मे महिन्यात. कपाळावर घाम. मला वाटलं, शालीमुळे.

३ जून

कॉल आला. आई गिरणीत गेली होती. मी घरात होते, पण माझ्यासमोर बाबा बोलणार नाहीत म्हणून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. कानाला लावला की समोरचा लांब जातो म्हणे. खिडकीतून सगळं ऐकू आलं.

तीच मुलगी असावी. "सर, आपल्याला काही आजार आहे का?"

"हाय. बीपी हाय. गोळ्या चालू हायेत."

मी हवेत मूठ आवळली. पास!

"आणखी काही, सर?"

"ताई, आमची पोरगी म्हनली, सगळं सांगायचं. मागच्या पानीपाळीत, कालव्याला पानी सोडलं व्हतं तवा, गेट खाली करून राहिलो व्हतो. छातीत धरलं. डावा हात मेल्यासारखा झाला. घाम लई. खालीच बसलो. मंग जरा उतरलं, तवा उठून गेट लावलं. गेट लावल्याबिगर कसं येनार? त्याच्यानंतर दोनदा झालं. एकदा परवा, हार घातला तवा."

"सर, डॉक्टरांना दाखवलं?"

"न्हाई. घरात म्हाईत न्हाई. पोरीची परीक्षा व्हती, मंग क्लास लागला. तुमी लिहून घ्या, पन घरी फोन करून सांगू नका. ह्यो फोन कधी कधी पोरीकडंबी असतो."

ती मुलगी हळू म्हणाली, "काका, आधी दवाखान्यात जा." पहिल्यांदाच सर नाही म्हणाली.

"जातो ताई. तुमी काळजी करू नका."

मी ओट्यावरून लगेच उठले नाही. आत गेल्यावर बाबा म्हणाले, "झालं बराबर. सगळं सांगितलं."

मी म्हटलं, "छान."

४ जून

छान. हा शब्द मी उच्चारला. विज्ञान शिकवते मी. डावा हात, घाम, छाती. माझ्या वर्गातला ढ पोरगाही सांगेल.

गेला महिनाभर मी बाबांना कंपनीला काय सांगायचं ते शिकवत होते. तुम्हाला काय होतंय, हे मी एकदाही विचारलं नाही.

कंपनीचा संदेश : 'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.' आता नाकारतीलही. दि.मा.ला कळलंय, कुठून कोण जाणे. "घे! केलीस पार्टी खराब! गप बसली असतीस तर कार्ड हातात असतं." त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण तो बरोबर असण्याची शक्यता आहे, याची किळस येते.

६ जून

नांदेडच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तपासणीचे कागद झाले की कंपनीला नाकारायला ठोस कारण मिळेल. तपासणी केली नाही तर बाबांच्या जिवाला धोका. काय निवडायचं हा प्रश्न नाहीच. तरी दोन दिवस घेतले मी. का घेतले ते

आईला अजून सांगितलेलं नाही. मीही त्यांचीच लेक.

९ जून, सोमवार

कंपनीकडून काही नाही. झोपाळ्यावरची म्हातारी अजून हसतेय, पत्रक आईने डब्याखाली अंथरलंय.

सकाळी चहाला बाबांसमोर बसले. आई तिथेच तांदूळ निवडत होती.

म्हटलं, "उद्या पहिल्या गाडीने नांदेडला जायचंय. तुम्ही, मी आणि आई."

"काहून?" बाबा म्हणाले. "मला काही तकलीफ..."

माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे, जिच्याबाहेर तो ओटा आहे.

आईचा हात सुपात थांबला. "तकलीफ काय? बोला की."

चहा निवत होता. मी मध्ये बोलले नाही. या वेळी तालीम घ्यायची नव्हती.