ताईने दाबलेला पाय

४ मार्च
घरी आलो. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग हॉस्पिटलातच राहिला – कॅन्सरसकट. सर्जन म्हणाले, "झोपून राहायचं नाही, चालायचं." ताईने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. ती सांभाळायला आल्यापासून पलंगाखाली पाय ठेवायची सोय नाही. "छोट्या, चालायला अख्खा जन्म पडलाय." छोट्या बावन्न वर्षांचा आहे!

८ मार्च
डावी पोटरी दुखते, सुजलीही आहे. ताईने बराच वेळ दाबून दिली. इतकं बरं वाटलं की डोळाच लागला.

१० मार्च
काल सकाळी दात घासताना श्वासच अडकला. पुन्हा हॉस्पिटल. पोटरीतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसली – आधीच कापलेल्या फुप्फुसात. डॉक्टरांनी विचारलं, "पाय कुणी दाबला होता का? त्याने गुठळी सुटू शकते." मी म्हटलं, "मीच." ताई औषधं आणायला गेली होती, नशीब. तिला हे कळता कामा नये. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. हाय खाईल.

११ मार्च
रक्त पातळ करायचं औषध चालू. आज खोकल्यातून रक्त पडलं. औषध द्यावं तर आतल्या टाक्यांतून रक्त वाहणार, थांबवावं तर गुठळी वाढणार. जन्मभर लोकांना गाडी शिकवली – ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबणाऱ्यांवर ओरडलो. आता तेच माझ्या अंगात चाललंय. भीती वाटते.

१२ मार्च
औषध कमी केलं. रक्त थांबलं.

२० मार्च
घरी. ताई पार बदललीय. पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन देते, सारखी उठवून चालवते, बसलो की डाफरते. पायाला मात्र हात लावत नाही. उशीसुद्धा लांबून सरकवते. आजाऱ्याचा वीट येतोच म्हणा. आज मीही वसकन ओरडलो, "कंटाळलीस तर जा ना तुझ्या घरी." तिने माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

२ एप्रिल
तपासणी. गुठळी विरघळत आलीय. ताई बाहेर बसली होती. वॉर्डातली नर्स भेटली, म्हणाली, "तुमच्या ताईंना सांगा हो आता. दाखल झालात त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांनाही पाय दाबल्याचं विचारलं, तेव्हापासून रोज, घरी गेल्यावरही फोन करून, मलाच विचारतात – मी पाय दाबल्यामुळे सुटलेली गुठळी विरघळली का?"