गीत-संगीत: पारंपरिक

आई,

काल तुझं नाव पडद्यावर आलं. 'मूळ गीत आणि चाल', आणि पुढं तू. लोक उठून दाराकडं निघाले होते, दिवे लागले होते. मी आणि खाला तेवढ्या बसून राहिलो. तिला वैजापूरहून मुद्दाम घेऊन आले होते, पण तिला आता लांबचं दिसत नाही. "आया क्या?" ती सारखी विचारत होती. "आलं," म्हणेपर्यंत ते वर सरकून गेलंही.

आपल्या आणि खालाच्या घराची भिंत एकच होती. तिला मुलगी झाली तेव्हा भाकरी थापता थापता तू तो पाळणा रचलास. तव्यावरची भाकरी करपली तरी थांबली नाहीस. त्यात खालाची हिरवी खिडकी होती, तिच्या अंगणातलं सीताफळाचं झाड होतं. पुढं मी कॉलेजात असताना मालिकेवाले बाजार समितीत चित्रीकरणाला आले, कुणीतरी तुझं नाव सुचवलं, आणि तू पदर सावरून माइकसमोर तोच पाळणा म्हटलास. मालिका लागली त्या संध्याकाळी आपल्या खोलीत गल्ली मावत नव्हती. तुझा आवाज येतो, बायका टाळ्या वाजवतात, मग नावं येतात. "वाच की गं," तू मला ढोसतेस. मी वाचते. आवाज, वैजापूरच्या महिला. गीत-संगीत, पारंपरिक.

"हे कोण व्हय?"

"कुणी नाय. लई जुनं असलं, कुणी केलं ते ठाऊक नसलं, की तसं लिहितात."

"मला ठाऊक हाय की," तू म्हणालीस आणि चहा ठेवायला उठलीस. त्यानंतर तो पाळणा तुझ्या तोंडून कधी ऐकला नाही.

तू गेल्याला अठरा वर्षं झाली. मी आता पुंडलिकनगरात एका एडिटिंग स्टुडिओत सिनेमांची शेवटची नावं टाईप करते. यंदा एका यादीत तुझा पाळणा आला, आणि त्यापुढं तोच शब्द. दिग्दर्शकाला फोन केला. माणूस भला. म्हणाला, "ताई, माझा विश्वास आहे, पण निर्मात्यांना काहीतरी सांगावं लागेल." रविवारी वैजापूरला जाऊन त्याला फोन लावला आणि खालाच्या हातात दिला. ती खणखणीत बोलली, "मेरे सामनेच बनाई उने. खिडकी मेरी, झाड मेरा, बच्ची मेरी. और किसका होगा गाना?"

तुझं नाव टाईप केलं तेव्हा काना-मात्रा तीनदा तपासल्या.

काल थिएटरच्या पायऱ्या उतरताना खाला माझा हात धरून म्हणाली, "अम्मा के वास्ते लडी तू." मी तिला पुढची पायरी सांगितली. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणूनच लिहिते. चित्रीकरणाच्या दिवशी मालिकेवाल्यांचा माणूस वही घेऊन आधी माझ्याकडंच आला होता. "गाणं कुणाचं?" त्यानं विचारलं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी शेजारी उभ्या होत्या, आणि तू पलीकडं पदरानं घाम पुसत होतीस. मला तुझी लाज वाटली, आई. "जुनंच आहे," मी म्हणाले, "इकडं सगळ्याच बायका म्हणतात."