‘थेटिस’ बुडालं की नाही?

बॉथेल, अमेरिका,
नोव्हेंबर २००४

प्रिय नरेंद्र,

ताईचा सप्रेम जयभीम. गुडघ्याला तेल लावतोस, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपतोस? शोभाची साखर आता किती आली? आमच्या तब्येती ठीक आहेत. म्हणजे मुलाकडे राहायला आले तेव्हा माझी ठीक होती. आता डोकं जाग्यावर नाही, आणि त्याला कारण तुझे भाऊजी. तुला ते फार गरीब स्वभावाचे वाटतात. वाटू देत.

इथला पाऊस धड पडत नाही, नुसता लोंबकळत असतो. प्रितम आणि मोनाली सकाळी गाडीने रेडमंडला ऑफिसात जातात, की घरात उरतो आम्ही दोघं आणि डिशवॉशर. तुला माहीतच आहे, तुझ्या भाऊजींचा जन्म नागपूरला रेल्वे मेलमध्ये पत्रं वेगळी करण्यात गेला. पत्ता अर्धवट असलेलं पत्र हाती आलं की या माणसाला जेवण जायचं नाही. इथे येणारं टपाल म्हणजे पिझ्झाच्या जाहिराती, तेव्हा इथे तरी शांतता मिळेल अशा भ्रमात मी होते. पण शेजारी यानिस निघाला.

यानिस ग्रीक आहे, सत्तरीला टेकलेला. बायको वारली, मुलगी एलेनी सोबत राहते. कुंपणापाशी दोघांची गट्टी जमली. (दोघांचं इंग्रजी असं, की त्यांचं त्यांना सगळं समजतं आणि बाकी कोणाला काही कळत नाही.) त्याचे वडील ‘थेटिस’ नावाच्या मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचे. एक्केचाळीस साली जर्मन फौजा येणार अशी बातमी आली, जहाज रातोरात पळवायचं ठरलं, आणि नेमका लहानग्या यानिसला सणकून ताप भरला. वडील घरी धावले, आणि इंजिन चालवणाऱ्याशिवाय जहाज अडकून पडलं. परत गेले तर धक्क्यावर बंदुका घेतलेला पहारा, खलाशी खाली उतरवलेले आणि जहाज जप्त. पुढे कोणीतरी सांगितलं की ते सुरुंगावर आदळून बुडालं. वडिलांनी त्यानंतर कधी इंजिनाला हात लावला नाही, बंदरावर हमाली केली. पोराला ताप आला नसता तर जहाज वाचलं असतं, असं त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, पण यानिसने ते जन्मभर ऐकलं.

आता या यानिसचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि तो अडून बसला. जहाजाचं काय झालं ते कळल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणे! एलेनी माझ्यापाशी येऊन रडली. मी तुझ्या भाऊजींना म्हटलं, जा आणि त्याची समजूत काढा. हे गेले, आणि जहाज शोधून देण्याचं वचन देऊन परत आले. समजूत काढायला पाठवलेल्या माणसाचीच समजूत निघाली!

त्या दिवसापासून घराचं बंदर झालंय. प्रितमने यांना इंटरनेट शिकवलं (मी पोटच्या पोरालाही माफ केलेलं नाही), आणि जेवणाच्या टेबलावर जहाजांचे फोटो पसरले. वरणाची वाटी ठेवायची म्हटलं तर एखादं ग्रीक जहाज बाजूला सारावं लागायचं. त्यात जप्त झालेल्या जहाजाचं पहिलं काय करतात, तर नाव बदलतात. जर्मन एक ठेवणार, युद्ध संपल्यावर इंग्रज दुसरं, विकत घेणारा तिसरं. सासरी गेलेल्या मुलीचीही इतकी नावं बदलत नाहीत. एकदा यांना ‘थेटिस’ नावाची बोट सापडली. ती अजून प्रवासी नेते म्हणे! यानिसने आनंदाने केक आणला, सगळ्यांनी खाल्ला, आणि मग मोनालीने वाचून दाखवलं की ही बोट बासष्ट साली बांधलेली आहे. यानिस उरलेला केक डब्यात भरून घरी घेऊन गेला. इकडे हे दोन दिवस माझ्यावर चिडले होते, जणू बोट मी बांधली होती.

मग एका शनिवारी दुपारी नॉर्वेहून फोन आला. ओले नावाचे म्हातारे खलाशी. तुझ्या भाऊजींनी इंटरनेटवर घातलेली विचारणा त्यांच्या नातीने वाचून दाखवली होती. स्पीकर लावून हे असे ओरडत होते की नॉर्वेला फोनशिवायच ऐकू गेलं असतं. ओले म्हणाले, युद्धानंतर आमच्या मालकाने असंच एक जर्मनांकडचं जहाज घेतलं होतं, नाव वेगळं होतं, पण मूळ नाव कोरलेली जहाजाची घंटा जुनीच होती. तिच्यावरची सगळी अक्षरं काही आम्हाला वाचता यायची नाहीत. पहिलं अक्षर गोल, पोटात आडवी रेघ.

“अंड्यासारखं का?” यांनी विचारलं.

“हो. आणि शेवटचं म्हणजे इंग्रजी एम कुशीवर झोपवलेला.”

मी पोळ्या लाटत होते. नरेंद्र, मी जन्मभर पोरांना गणित शिकवलं. लाटणं हातात तसंच घेऊन बाहेर आले आणि ओरडले, “अहो, थीटा आहे तो! आणि शेवटी सिग्मा! यानिसला बोलवा!”

हे जागचे हलेनात, म्हणून मीच पावसात चपला फटफटवत गेले. यानिस आला, फोनपाशी बसला. इतक्या वर्षांनी माणूस काय काय विचारेल! त्याने एकच विचारलं, “इंजिन कसं चालायचं?”

“इंजिन?” ओले म्हणाले. “माझ्या उभ्या नोकरीत तसं इंजिन पाहिलं नाही. आधी कोणीतरी लेकरासारखं जपलेलं असणार. शेवटी मोडायला मुंबईला नेलं, तेव्हाही कोणी ओढून नेलं नाही. आपल्या पायांनी गेलं.”

यानिसने टेबलावर डोकं टेकलं. एलेनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझे भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि माझी तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. यानिस घरी आलाय आणि सूप बेचव आहे म्हणून एलेनीशी भांडतोय. तर असं आहे. माझ्यापुरता विषय संपला. या घरात आता जहाजाचं नाव जो काढेल, त्याला मी उपाशी ठेवणार आहे. शोभाला आणि पोरांना माझी आठवण सांग.

तुझी,
रत्नाताई

ता. क. तू माझगावला राहतोस. जुनी जहाजं मोडतात तो दारूखाना तुझ्या घरापासून लांब नाही. गुडघा बरा असेल तर (आणि नसेल तर टॅक्सीने) तिथल्या जुन्या भंगारवाल्यांकडे जाऊन घंटेची चौकशी कर. एखाद्या शाळेत नाहीतर चर्चमध्येही टांगलेली असेल. अक्षरं खाली काढून दिली आहेत: ΘΕΤΙΣ. दुसरीच कुठली घंटा आणून माझ्या गळ्यात मारू नकोस. यानिसला शब्द तुझ्या भाऊजींनी नाही, मी दिलाय.

आणखी एक. टाकोमाला एक ग्रीक बाई आहेत. त्यांच्या आजोबांचं जहाज इटलीवाल्यांनी नेलं होतं. नाव तीनदा बदललंय, पण मी दुसऱ्या नावापर्यंत पोचले आहे. तुझ्या भाऊजींना यातलं काही बोलू नकोस. कळलं तर कॉम्प्युटर माझ्या हाती लागायचा नाही.