पेवात शिरलेला पाझर

प्रति,
माननीय उपअभियंता साहेब,
पाझर तलाव देखभाल उपविभाग,
जिल्हा बुलडाणा.

विषय : तलावाच्या पाझराने ओल्या झालेल्या पेवांतील ज्वारी मृगाआधी बाहेर काढून देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा माघातील अर्ज व त्यावर आपले उत्तर.

महोदय,

अर्जदार पुंजाजी कडूबा इंगळे, मौजे कोथळवाडी, तालुका चिखली, याचा धंदा पेवे राखण्याचा आहे. जमिनीखाली खोदलेल्या त्याच्या सहा पेवांत गावाची ज्वारी राहते व राखणीबद्दल त्याला ज्वारीच मिळते. बहात्तरच्या दुष्काळात याच जुन्या ज्वारीवर गावाने दिवस काढले.

२. त्याच दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला आपला तलाव झाला. अर्जदाराने व त्याचा थोरला भाऊ कचरू याने त्यावर माती वाहिली. तलावाने गावाचे भले झाले, हे अर्जदार नाकबूल करत नाही. आटलेल्या विहिरी भरल्या, तो स्वतः तेच पाणी पितो. परंतु विहीर कोणती आणि पेव कोणते हे पाण्याला कळत नाही. ते पेवांच्या बुडालाही आले.

३. तसा अर्ज केला असता आपल्याकडील एक साहेब आले, पेवात काठी सोडून ओल मोजली व खूश होऊन गेले. पुढे उत्तर आले की, सदर खड्ड्यांना पाणी लागणे हे तलावाचे यश असून त्यांची नोंद लाभ झालेल्या विहिरींत घेतली आहे. अर्जदाराने ते उत्तर पारावर वाचून दाखवले. कोणी हसले नाही.

४. पेव उघडले की दिवसभर तोंड मोकळे ठेवायचे, मग कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा आणि उतरलेल्याने सारखे बोलत राहायचे, ही गावची रीत आहे. चैत्रात कचरू ज्वारी काढायला उतरला तेव्हा हे सर्व पाळले होते. कंदील नीट जळत होता. पण ती रीत कोरड्या पेवाची. वरची ज्वारी निघाल्यावर त्याने खालची कुजलेली उकरली आणि तिच्यात कोंडलेली विषारी हवा सुटली. तो म्हणाला, "पुंजा, खालचं समदं गरम लागून राह्यलं रे." अर्जदाराने दोर ताणला, तेव्हा म्हणाला, "थांब, एक टोपलं भरू दे मले." अर्जदार थांबला. पुढचा शब्द आला नाही. तिघांनी ओढून वर घेतले, पण जीव गेला होता.

५. पंचनाम्यात "विहिरीत बुडून मृत्यू" असे लिहिले गेले, कारण कागदोपत्री ती विहीर आहे. पाणी घोट्याइतकेही नव्हते. कचरूची बायको गीताबाई विचारते, "त्याइले तं पोहता येत होतं, मंग बुडाले म्हून काऊन लिवलं?"

६. उरलेल्या पाच पेवांत गावाचे वर्षाचे खाणे आहे. मृगानंतर तलाव भरेल आणि ओल वर चढेल. तलाव फोडा असे अर्जदार म्हणत नाही. ओल्या पेवातली हवा कशी ओळखावी हे जाणणारा माणूस तातडीने पाठवावा, एवढीच विनंती. तसा माणूस आपल्याकडे नसल्यास सदर पेवे विहिरीच समजून त्यांवर पंप मंजूर करावा व ज्वारी पाण्यासह उपसून द्यावी. निदान कोणाला उतरावे लागणार नाही.

७. मृगाआधीच्या सोमवारपर्यंत कोणी न आल्यास अर्जदार स्वतः उतरणार आहे. गावातल्या दुसऱ्या कोणाला तो सांगू शकत नाही. दोर गीताबाई धरणार आहे. तिने आत्ताच बजावले आहे, "तुमी थांब म्हनलं तरी मी थांबनार नाई, भाऊजी." आपले उत्तर त्यानंतर निघाल्यास ते तिच्या नावे काढावे.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
पुंजाजी कडूबा इंगळे
मौजे कोथळवाडी, १९ मे १९७५

सोबत : १) आपल्या उत्तराची नक्कल.
२) पेवाच्या बुडाची ज्वारी, एक पुडी. पुडी कृपया खिडकीजवळ उघडावी.