नेटपलीकडे ताई

शुक्र., १० जाने.
सेमी जिंकलो! आम्ही सनद भागातल्या बायका मराठी मंडळाच्या थ्रोबॉल फायनलला पहिल्यांदाच. माझ्या सर्व्हिसवर सलग पाच पॉइंट (लिहून ठेवते, घरात कुणी मानत नाही). घसा बसलाय, गुडघा सोललाय, आनंद मावत नाही.
मग ग्रुपवर दुसऱ्या सेमीचा निकाल. पुढच्या शुक्रवारी फायनल, जनाबियाच्या टीमशी. म्हणजे ताईंशी.
ताई, माझ्या थोरल्या नणंदबाई, जनाबियाच्या कॅप्टन. बहरीनला आल्यावर वर्षभर त्यांच्याकडेच राहिलो. गाडी त्यांनी शिकवली, सईच्या वेळचं बाळंतपण त्यांनी केलं. थ्रोबॉलसुद्धा त्यांनीच शिकवला, कम्पाउंडात दोरीवर ओढण्या टाकून.
महेश म्हणे, "मी कुठल्या बाजूला बसू?" बायको इकडे, बहीण तिकडे. म्हटलं, तुम्ही पाणी वाटा.

रवि., १२ जाने.
ऑफिसनंतर प्रॅक्टिस. आमची कॅप्टन डॉरीन, वसईची, हॉस्पिटलात नर्स. व्हाइटबोर्ड घेऊन आली! "तुझ्या ताईचा वीक पॉइंट सांग. तुला सगळं माहीत."
माहीत आहेच. गेल्या वर्षी ताईंचा डावा खांदा आखडला होता. रोज ऑफिसातून परस्पर जाऊन तेल मीच चोळायचे. तो हात अजून कानाच्या वर जात नाही. डावीकडे उंच टाकलं की खलास.
नाही सांगितलं. म्हटलं, वीक पॉइंट म्हणजे गोड. डॉरीन हसली नाही.
पण हे मला तेल चोळताना कळलेलं. ते बोर्डावर कसं लिहू?

मंगळ., १४ जाने.
संक्रांत, ताईंकडे जेवण. गुळाच्या पोळ्या वाढतच होत्या. "खा, खा. शुक्रवारी जड होशील." तुपाचा डबा वरच्या कपाटातला, मलाच काढायला सांगितला. काढला. 
हरणाऱ्यांनी झल्लाकच्या समुद्रकिनारी सहलीचा स्वयंपाक करायचा, हा मंडळाचा रिवाज. ताईंनी मसाला आणूनही ठेवलाय. "तुमच्यासाठी गं."

गुरु., १६ जाने.
मंडळाच्या गीतेच्या वर्गात आज पहिला अध्याय माझ्याकडे. चिठ्ठी डिसेंबरातच निघालेली, आता तक्रार कुणाकडे करू?
दरवर्षी हा अध्याय पंधरा मिनिटांत उरकतात, सगळ्यांना दुसऱ्या अध्यायाची घाई. मी पाऊण तास बोलले. रथ मधोमध, समोर आजोबा, गुरू, भाऊबंद, आणि अर्जुनाच्या हातून धनुष्य सुटतंय. म्हटलं, ज्यांनी धनुष्य धरायला शिकवलं त्यांच्यावरच ते रोखायचं तर हात कापणारच. त्याला भित्रा म्हणू नका. आवाज जरा फाटलाच माझा.
मागच्या रांगेतून ताई : "समोरच्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं का, तुम्हाला सोडून देऊ का म्हणून? तेही शंख फुंकूनच उभे होते की!"
सगळे हसले. मीही. 

शुक्र., १७ जाने.
काय दिवस! हात दुखतोय, तरी लिहिणार.
पहिला सेट त्यांचा, दुसरा आमचा. तिसऱ्यात मी प्रत्येक सर्व्हिस ताईंच्या छातीशी, उजवीकडे, हळू. एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर मूल द्यावं तशी. आठ-बारा पिछाडी. डॉरीन माझ्याकडे बघेना. सई ओरडतेय, "आई, व्हॉट आर यू डूइंग!"
पुढचीही तशीच. ताईंनी झेलली, पण परत टाकली नाही. बॉल खाली ठेवला आणि कोर्टात मांडी घालून बसल्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या.
"मी नाही खेळत. ही खेळायला आलीय का फळं घेऊन मला बघायला आलीय?"
मी चाटच पडले. धनुष्य ठेवायचं मी, ठेवलं समोरच्यांनी.
नेटखालून गेले. "ताई, उठा."
"टाकशील?"
"टाकते."
उठताना ताईंनी पुढे केला तो डावाच हात.
पुढची सर्व्हिस डावीकडे, उंच. हात पोचला नाही, बॉल मागे पडला.  आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसल्या त्या ताईच. "आत्ता कसं!" लगेच पुढच्या रॅलीत माझ्या गुडघ्यापाशी असा बॉल हाणला की मी पालथी. इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.
चौदा-चौदा. पुढचा पॉइंट शेवटचा, सर्व्हिस माझी. तेवढ्यात सहा वाजले. पुढच्या बुकिंगची बास्केटबॉलवाली मुलं आत, वॉचमन हात हलवत, "खलास, मॅडम, खलास." डॉरीन म्हणे एकच मिनिट. वॉचमन, "मफी." नाही म्हणजे नाही.
एक पॉइंट बाकी, पुढच्या शुक्रवारी.

गुरु., २३ जाने.
आठवडाभर फोन, सल्ले. महेशनी पाण्याच्या बाटल्याही भरून ठेवल्यात, दोन्ही बाजूंना सारख्या.
चार वाजता ताईंचा फोन. "ऑफिसातून इकडेच ये. तेल गरम करून ठेवलंय. उद्याच्यासाठी खांदा मोकळा करून दे."
गेले. अर्धा तास चोळला. हयगय करावी असं एकदा मनात आलं, खरं सांगते. नाही केली. उलट जास्तच जोर लावला.
"ताई, डावीकडेच टाकणार आहे मी."
"मग काय उजवीकडे? चोळ."
शेवटी म्हटलं, हात वर करा बघू. केला. कानाच्या वर दोन बोटं गेला! ताई ओरडल्या, मीही ओरडले, दोघी नाचलो स्वयंपाकघरात, माझे हात तेलाने माखलेले.
दोन बोटं. माझ्याच हातांनी.
उद्या साडेपाचला सर्व्हिस. आता त्याहून उंच टाकायला हवी.