सातव्या मजल्यावरची गच्ची

नागपूर, ३ फेब्रुवारी १९५७, रविवार

गुणवंतराव हसले, गिरजानं मान खाली घातली — त्या क्षणी सगळं संपलं!

बेत तिचाच. "बाबा तुला घरात घेणार नाहीत. त्या नव्या सात मजली इमारतीची गच्ची रविवारी सगळ्यांना खुली असते. तिथून कोण हाकलणार? तू मामांना आण, मी बाबांना आणते." प्रोफेसरावर डस्टर फेकून कॉलेज सोडलेल्या पोराला गुणवंतरावांसारखा जंगलाचा ठेकेदार मुलगी का देईल? तरी गेलो. पोंभुर्ण्याहून लटारूमामा आले — गिरजासाठी चिन्नोर तांदळाची गठडी घेऊन.

खाली आरशासारखी फरशी. मामांनी लिफ्टसमोर पायतन काढलं.

"मामा, घाला ना! लोक पाहून राह्यले!"

"लोकाच्या घरात पायतन घालून जात असतेत का गा?"

लिफ्टवाला फिदीफिदी हसला.

वर कारंजं, वेताच्या खुर्च्या, आइस्क्रीम खाणारी माणसं. मामा कठड्याशी भुईवरच बसले. "आपला तलाव दिसते का गा इथून?"

मागून बापलेक आले. गुणवंतरावांनी मामांचे पाय पाहिले. "अरे, म्हाताऱ्याला एक चप्पल तरी घेऊन द्यायचीस!" सगळी गच्ची हसली. आणि गिरजा? मान खाली! आमची लाज वाटली तिला!

"तुझ्या बापाची गच्ची तुलाच लखलाभ!" ओरडलोच. गठडी हिसकली, ती सुटली, तांदूळ फरशीभर. "अरे, खाली बघ तरी —" म्हणत होती. तांदळाची काळजी! मामांना ओढत जिन्यानं उतरलो.

पोंभुर्णा, ६ फेब्रुवारी

तिचं नाव काढायचं नाही. काढणार नाही.

९ फेब्रुवारी

मामा गावभर सांगत सुटलेत — "डब्बा वर गेला, अन् माहं पोट खालीच राह्यलं!" लोक पोट धरून हसतात. मामीनं विचारलं, "पोरगी कशी हाये?" मामा तोंड उघडणार तोच मी ताट भिरकावलं.

१४ फेब्रुवारी

कॉलेजातला दोस्त झिंगू नागपूरहून आला. रविवारी गिरजाचं साक्षगंध, लग्न ठरलं. नवरा इंजिनिअर. बरं झालं! बुटासकट चढेल लिफ्टमध्ये!

१६ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मामा अंगणात पायतनाचा अंगठा शिवत होते. मी गिरजाला काहीबाही बोललो. मामांनी हातातलं काम ठेवलं.

"तिले काऊन शिव्या देतं गा? तिच्याबी पायात काई नव्हतं. मी भुईवर बसलो होतो, मले दिसलं. खाली माह्या पायतनाले लागूनच तिनं आपल्या चपला काढल्या होत्या."

"आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू कोनाले बोलू देतं का?"

साक्षगंध उद्याच. मूल गावची मोटार दुपारी, तिथून नागपूर. मामी ओरडते आहे, "जेवून त जाय!"

नाही. निघालो. तिच्याकडे.